मुलगा म्हणतोय प्रो आइस हॉकीच खेळायची, तर हे करिअर आतून कसं असतं

तुम्ही विचारलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, कॅनडातल्या ओंटारियोत ट्रिपल ए, म्हणजे त्याच्या वयोगटातली सगळ्यात वरची आइस हॉकी, खेळतो, टीममध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचेच आहेत, ओएचएल या तिथल्या मोठ्या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे टीमांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं, तोंडावर आलाय आणि तो म्हणतो मला प्रो व्हायचंय, तर हे करिअर नक्की असतं कसं, किती वर्षं चालतं, पैसा किती मिळतो आणि शाळा-कॉलेजचं काय करायचं. धाकटी मुलगी पण खेळते म्हणालात. मी स्वतः प्रो खेळलेलो नाही हे आधीच सांगतो, पण गेली २१ वर्षं इक्विपमेंटचं काम करतोय, आधी ज्युनियर टीमकडे आणि नंतर मायनर प्रो टीमकडे (एनएचएल ही सगळ्यात वरची लीग, तिच्या खालच्या पगारी लीग म्हणजे मायनर प्रो), म्हणजे स्केट्सना धार लावणं, स्टिका तयार ठेवणं, ओले ग्लोव्ह वाळवणं, पहाटे बॅगा बसमध्ये चढवणं. पोरं कोचसमोर जे बोलत नाहीत ते धारेच्या मशीनपाशी उभं राहून बोलतात, त्यामुळे कितीतरी करिअर सुरू होताना आणि संपतानाही जवळून बघितली आहेत. लांबलचक होईल, निवांत वाचा.

आधी त्या गोलांबद्दल बोलतो कारण सगळं तिथेच अडतं. तुमचा मुलगा टॉप स्कोअरर आहे हे छानच आहे, पण ज्युनियरला आमच्या रूममध्ये येणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं आपापल्या टीमचं टॉप स्कोअररच होतं. तिथून पुढे जे प्रो झाले ते त्यातलेही वेचक. आणि वर कितीही चढा, टीममध्ये जागा तेवढ्याच, चार फॉरवर्ड लायनी (एका लाइनमध्ये तिघे, आळीपाळीने बर्फावर उतरतात), डिफेन्सच्या तीन जोड्या, दोन गोली, आणि गोल करायची खरी संधी मिळते ती पहिल्या दोन लायनींना आणि पॉवर प्लेवाल्यांना, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असताना उतरणाऱ्यांना. मग उरलेल्यांनी करायचं काय? पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेने बाहेर असताना गोल होऊ न देणं), फेसऑफ जिंकणं (पंचाने टाकलेला पक, म्हणजे रबरी चकती, आधी मिळवणं), शॉटसमोर आडवं पडणं, समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी लाइनला ४५ सेकंद दाबून ठेवणं. माझ्या बघण्यात ज्यांनी हे दुसरं काम मनापासून शिकून घेतलं त्यांचंच करिअर लांबलं, आणि ज्यांना ते कमीपणाचं वाटलं ते हातात जादू असूनसुद्धा पंचविशीत घरी गेले.

गी कार्बोनोचं उदाहरण घ्या. या माणसाने १९७९-८० च्या सीझनला ज्युनियरमध्ये १८२ पॉइंट (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) केले होते, एकशे ब्याऐंशी! आणि एनएचएलमध्ये तो ओळखला गेला कशासाठी, तर समोरच्याचा गोल होऊ न देण्यासाठी. सगळ्यात चांगला डिफेन्सिव्ह फॉरवर्ड म्हणून सेल्की ट्रॉफी तीनदा, स्टॅनली कप म्हणजे एनएचएलचं विजेतेपद तीनदा, २०१९ ला हॉल ऑफ फेम. किंवा क्रिस ड्रेपर, त्याला विनिपेगने १९९३ मध्ये डेट्रॉइटला अक्षरशः एका डॉलरला दिला होता, तोच पुढे चौथ्या लाइनवर, पेनल्टी किलवर खेळत चार स्टॅनली कप जिंकला आणि २००४ ला सेल्की पण घेऊन गेला. दोघांनीही "मी तर स्कोअरर आहे" हा हट्ट धरला असता तर आज त्यांची नावं कुणाच्या तोंडात नसती.

माझ्याकडे एकाच वर्षी दोन पोरं आली होती, नावं सांगत नाही. एकाने ज्युनियरच्या शेवटच्या सीझनला पन्नासच्या वर गोल मारलेले, दुसऱ्याचे त्याच्या निम्मे पण नव्हते. पहिल्याला कोचने चौथ्या लाइनवर टाकलं तर तो दोन महिने तोंड पाडून बसला, माझ्याशी बोलताना दर वेळी तेच, मला पॉवर प्ले द्या मग दाखवतो. दुसरा काय करायचा, प्रॅक्टिस संपली की मला म्हणायचा बादलीभर पक तिथेच राहू दे, आणि असिस्टंट कोचला धरून अर्धा अर्धा तास नुसते फेसऑफ घ्यायचा. मग एक दिवस स्केट्स घेऊन आला, म्हणाला पेनल्टी किलला शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, लांबते, शेवटी पाय जड पडतात, काही करता येईल का. आता धारेचं असं असतं की ब्लेड खालून सपाट नसतं, मधे पन्हाळीसारखी खोबण असते आणि दोन्ही बाजूला दोन कडा. खोबण खोल केली की कड बर्फात घट्ट रुतते, वळायला छान, पण पाय लवकर थकतो, उथळ केली की घसरायला सोपं जातं पण पकड कमी. माप असतं ते खोबणीच्या गोलाईच्या त्रिज्येचं, आकडा जितका लहान तितकी खोबण खोल. हा पोरगा ज्युनियरपासून तीन अष्टमांश इंचाची खोल धार वापरत आलेला. आम्ही हळूहळू, एका वेळी इंचाच्या सोळाव्या भागाने बदलत बदलत अर्ध्या इंचावर आलो, दर वेळी तो दोन-तीन प्रॅक्टिस करून सांगायचा, डाव्या पायाला बरं वाटतंय, उजवा अजून सुटतोय, मग मी ब्लेडवर नाणं आडवं ठेवून दोन्ही कडा समान आहेत का बघायचो, परत दगडावर धरायचो. महिना गेला त्यात. त्या पोराला पुढे वरून बोलावणं आलं आणि तो तिथे टिकला. पहिला दोन वर्षांनी युरोपात खालच्या लीगमध्ये गेला आणि पंचविसाव्या वर्षी हॉकी सोडली. त्याच्याइतके मऊ हात मी परत फार कमी बघितले, आजही आठवलं की जीव हळहळतो.

आता रस्ता कसा असतो ते. ओएचएलने निवडलं तर सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलगा बहुतेक दुसऱ्या गावात राहायला जाईल, बिलेट फॅमिलीकडे, म्हणजे त्या गावातलं एखादं कुटुंब टीमच्या खेळाडूला आपल्या घरात ठेवून घेतं. तिथलीच शाळा, ६८ मॅचचा सीझन, शुक्रवार-शनिवार-रविवार बस. ही घरं बहुतेक फार मायेने सांभाळतात, तरी सोळा वर्षांचं पोर पहिल्यांदा आईबापापासून लांब, त्यात दहा मॅच गोल नाही, कोच बसवून ठेवतो, तेव्हा ते रात्री कुणाला फोन करतं हे महत्त्वाचं. तुम्हाला करत असेल तर अर्धी लढाई जिंकलात. आणि फोनवर "आज गोल किती" हे पहिलं वाक्य नको, हे मी हात जोडून सांगतो.

शिक्षणाचं पूर्वी फार कठीण होतं कारण ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्विबेकच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार कायमचं बंद व्हायचं, पंधराव्या वर्षीच ठरवायला लागायचं हा रस्ता की तो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संस्थेने, तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळलेली मुलंही कॉलेजला खेळू शकतात. गॅविन मॅकेना, ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, तो लगेच मेडिसिन हॅटच्या ज्युनियर टीमकडून अमेरिकेतल्या पेन स्टेट कॉलेजला गेला. म्हणजे तुमच्या मुलाला पूर्वीच्या पोरांपेक्षा चांगला काळ मिळालाय. कॉलेजचा मोठा फायदा वेळेचा, ज्यांचं शरीर उशिरा भरतं त्यांना बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत वाढायला मिळतं, मॅच कमी आणि जिम जास्त. शिवाय ज्युनियर टीमसुद्धा शिक्षणाचं पॅकेज देते, साधारण जितके सीझन खेळलात तितक्या वर्षांची फी असं, पण त्याच्या अटी असतात, ते कधीपर्यंत वापरायचं, प्रो काँट्रॅक्ट सही केलं तर काय होतं, हे सगळं लेखी घ्या आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मी दोन पोरं अशी बघितली ज्यांनी "अजून एक वर्ष ट्राय करतो" म्हणत मुदत घालवली.

एनएचएलचा ड्राफ्ट अठराव्या वर्षी. ७ राउंड, ३२ टीम, म्हणजे २२४ नावं, तीसुद्धा कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेक सगळीकडून मिळून. नाव आलं तर आनंद साजरा करा, नाही आलं तर रडून घ्या आणि पुढच्या आठवड्यात जिमला जा, कारण ड्राफ्ट म्हणजे करिअर नाही. मार्टिन सेंट लुईला कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, उंची पाच फूट आठ इंच, २००४ ला लीगचा टॉप स्कोअरर, एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) आणि स्टॅनली कप, तिन्ही एकाच वर्षी. मार्क जिओर्डानोलाही कुणी घेतलं नव्हतं, मधे एक सीझन मॉस्कोला जाऊन खेळून आला आणि पस्तिसाव्या वर्षी, २०१९ ला, सगळ्यात चांगला डिफेन्समन ठरला. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा होता. हे अपवाद आहेत, खोटी आशा दाखवत नाही, पण अठराव्या वर्षी कोण काय होणार हे स्काउटलाही पूर्ण कळत नाही एवढंच सांगायचंय.

ड्राफ्टनंतर एंट्री लेव्हल काँट्रॅक्ट, अठरा ते एकविसात सही केली तर तीन वर्षांचं. त्यात नऊ मॅचची एक भानगड असते, अठरा-एकोणीसच्या पोराला टीम वर, म्हणजे एनएचएलमध्ये, नऊ मॅचपर्यंत खेळवून परत ज्युनियरला पाठवू शकते आणि मग ते वर्ष काँट्रॅक्टमध्ये धरलंच जात नाही, पुढे सरकतं. दहावी मॅच खेळवली की वर्ष लागू. त्यामुळे नवव्या मॅचनंतर पोराला परत पाठवलं तर ते खराब खेळला म्हणूनच असं नसतं, त्यामागे हिशोब असतो, घरच्यांनी हे समजून घेतलं की खूप त्रास वाचतो.

त्यानंतर बहुतेकांचं खरं आयुष्य सुरू होतं ते एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, त्याखाली ईसीएचएल. इथे मी जास्त वेळ घालवणार कारण घरच्यांना हा भाग दिसतच नाही. एएचएलमध्ये ७२ मॅच, बऱ्याच शनिवार-रविवारच्या, रात्री मॅच संपली की बस, पहाटे तीनला पोचायचं, दुपारी परत वॉर्मअप. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा, तोही बेताचा, राहायची सोय टीम करते. आणि सगळ्यांचे कान फोनकडे. कॉल अप, म्हणजे वरच्या टीमचं बोलावणं, कसा येतो सांगतो. सकाळी सहाला मला मेसेज येतो, अमुक नंबरची बॅग भर. मी रिंकवर जातो, त्याच्या दोन जोड स्केट्स, जादा ब्लेडं, सहा-सात स्टिका, हेल्मेट, सगळं बॅगेत, धार एकदा परत बघतो कारण वरच्या इक्विपमेंटवाल्याला या पोराची सवय माहीत नसते, एका चिठ्ठीवर धारेचं माप लिहून स्केटमध्ये टाकतो. तोवर तो धावत येतो, केस ओले, एका हातात सूट. पंधरा मिनिटांत गाडी विमानतळाकडे. कधी तो तिकडे तीन महिने राहतो, कधी दोन दिवसांत परत, एक शिफ्टही न खेळता. परत आला की त्याच्या जागेवरची नावाची पट्टी मी आधीच लावून ठेवलेली असते आणि आम्ही कुणी काही विचारत नाही, तो स्वतः बोलेपर्यंत. असं एका सीझनमध्ये पाच-सहा वेळा झालेली पोरं आहेत. बायको, लहान बाळ, भाड्याचं घर, सगळं त्या एका फोनवर टांगलेलं.

पुढे वय आणि मॅच वाढल्या की वेव्हर्स लागू होतात, म्हणजे खाली पाठवायच्या आधी २४ तास तो खेळाडू बाकी सगळ्या टीमना खुला, कुणीही उचलू शकतं. सकाळी एका शहरात उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी तीन हजार किलोमीटर लांब, नवीन रूममध्ये नवीन नंबर घालून उभा.

पैशाचं स्पष्ट लिहितो. २०२५-२६ ला एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० अमेरिकन डॉलर होता, टीमची एकूण कॅप, म्हणजे सगळ्या पगारांची मर्यादा, ९.५५ कोटी डॉलर. आकडे ऐकून डोळे दिपतात पण बहुतेक तरुणांचं काँट्रॅक्ट टू-वे असतं, वर असाल त्या दिवसांचा वरचा पगार, खाली असाल त्या दिवसांचा खालचा. वर दिवसाला ढोबळमानाने ४,००० डॉलर पडतात, आणि खाली एंट्री लेव्हलवाल्याला अख्ख्या वर्षाचे जास्तीत जास्त ८०-८५ हजारांच्या घरात. त्यातून टॅक्स, एजंट, वरचा पगार असेल तर एस्क्रोची कपात (लीग पगारातून राखून ठेवते तो भाग), उन्हाळ्यातला ट्रेनर. पगार सीझनमध्येच येतो, उन्हाळ्यात नाही. मोठा पैसा बनतो तो पूर्ण फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा, झाल्यावर, साधारण २७ वय किंवा सात सीझन झाल्यावर, आणि बहुतेकांचं करिअर तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिल्या काँट्रॅक्टच्या बोनसवर मोठी गाडी आली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आईबाबांना एक विनंती, मुलाचे पैसे मुलाच्याच नावावर, सल्लागार बाहेरचा, घरातला नको. २०१४ मध्ये एनएचएलमधल्या एका नावाजलेल्या डिफेन्समनला दिवाळखोरी जाहीर करावी लागली होती, कारण घरच्यांनीच त्याच्या पुढच्या कमाईवर कर्जं काढून ठेवली होती. लाखो डॉलर कमावणारा माणूस. मुलाच्या हॉकीवर आपण किती खर्च केला हे डोक्यात ठेवून हिशोब मागायला लागलो की नातंच जातं.

युरोपाला लोक उगाच कमी समजतात. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेक, इथे चांगल्या लीग आहेत, मॅच कमी, प्रवास कमी, कुटुंब बरोबर राहू शकतं, आणि स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी एएचएलपेक्षा जास्त पैसाही मिळतो. पस्तिशीपर्यंत तिकडे सुखाने खेळलेले माझे दोन-तीन मित्र आहेत.

शरीराचं. पक म्हणजे १७० ग्रॅमचा गोठवलेला रबर, तो ताशी दीडशे किलोमीटरने येतो आणि पेनल्टी किलवाल्याचं काम त्याच्यासमोर जायचं. घोटे, बोटं, दात हे तर चालूच, पण करिअर संपतं ते कंबर, मांडीचा सांधा, गुडघा आणि डोकं यांनी. डोक्याबद्दल एक प्रसंग सांगतोच. एक डिफेन्समन, आदल्या रात्री काचेवर आपटलेला, टेस्टला सगळं ठीक सांगितलं. सकाळी माझ्याकडे धार लावायला आला, मशीनवरच्या ट्यूबलाइटकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, ती जरा बंद कर ना. मी बंद केली, आणि तो गेल्यावर सरळ थेरपिस्टला जाऊन सांगितलं. तो सात आठवडे बसला आणि माझ्याशी तीन महिने बोलला नाही, त्याला वाटलं मी त्याची जागा घालवली. मी परत तेच करेन. एनएचएलचा सुपरस्टार सिडनी क्रॉसबीसारखा माणूस जानेवारी २०११ च्या माराने नोव्हेंबरपर्यंत बाहेर होता, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा बसला. वारंवार बसणाऱ्या माराने मेंदूला जो सीटीई नावाचा आजार होतो त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं, जिवंतपणी नाही. तेव्हा मुलाला आत्तापासून शिकवा, डोकं दुखतंय हे लपवायचं नाही, स्काउट बघायला आला असला तरी नाही.

गळ्याचं गार्ड पण. मायनर हॉकीत, म्हणजे लहान मुलांच्या हॉकीत, सक्तीचं आहे म्हणून तो घालतोच, पण मोठं झाल्यावर पोरं पहिली तीच वस्तू काढून टाकायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये मॅच चालू असताना ॲडम जॉन्सनच्या मानेला ब्लेड लागलं आणि तो गेला, २९ वर्षांचा होता. मी रोज ज्या कडांना धार लावतो त्या कडा काय करू शकतात हे मला माहीत आहे, तरी त्या रात्री हात थरथरत होते. आता एनएचएलमध्येही २०२६-२७ पासून नवीन येणाऱ्यांना ते घालावंच लागणार आहे.

मुलीबद्दल थोडक्यात, कारण तो रस्ता अजून बनतोय. पीडब्ल्यूएचएल ही बायकांची प्रो लीग १ जानेवारी २०२४ ला सहा टीमवर सुरू झाली, २०२५-२६ ला आठ झाल्या, पहिल्या सीझनला किमान पगार ३५,००० डॉलर होता. मुलींना कॉलेज हाच मुख्य रस्ता आहे, त्यामुळे डिग्री हातात घेऊनच त्या प्रो होतात आणि मला ते फार चांगलं वाटतं.

किती वर्षं चालतं, याचं उत्तर द्यायचं तर गॉर्डी हाउ ५२ व्या वर्षापर्यंत एनएचएल खेळला, पण माझ्या रूममधली बहुतेक पोरं २४ ते ३० मधे थांबली. थांबतात तेव्हा निरोप समारंभ वगैरे काही नसतो, ऑगस्टमध्ये फोन येत नाही, सप्टेंबरमध्ये कॅम्पचं आमंत्रण येत नाही, आणि एक दिवस कळतं की झालं. ज्यांनी मधल्या उन्हाळ्यांत दोन-दोन विषय करून डिग्री संपवत आणली होती, किंवा कोचिंगचा, फायर डिपार्टमेंटचा, कशाचा तरी कोर्स केला होता, ते सहा महिन्यांत उभे राहिले. बाकीच्यांना दोन-तीन वर्षं लागली.

आत्ता लगेच काय करता येईल तर तीन गोष्टी. त्याच्या कोचला सांगा की उरलेल्या सीझनमध्ये याला पेनल्टी किलवर पण टाका आणि डाव्या बाजूचे फेसऑफ घ्यायला लावा, गोल थोडे कमी झाले तरी चालतील. ड्राफ्टनंतर ज्या टीमचा फोन येईल तिला पहिल्याच दिवशी विचारा की तुमच्याकडची किती मुलं गेल्या काही वर्षांत शिक्षणाचं पॅकेज खरंच वापरतायत, आणि बिलेटचं घर स्वतः जाऊन बघा. आणि त्याचे स्केट्स पुढे वाढेल म्हणून दीड साइज मोठे घेतले असतील तर बदला, टाच आत हलत असेल तर मी काय कुणीही कितीही चांगली धार लावली तरी कड बर्फाला नीट बसत नाही.